पुसून टाकू का?

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका खालाजानकडे १,४५० रुपये दुसऱ्यांदा मागितले. दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं उभी होती. खालाजान काही बोलल्या नाहीत. पिशवी काउंटरवर तशीच ठेवून घरी गेल्या आणि अर्ध्या तासाने नातीला घेऊन परत आल्या. नातीच्या हातात भिंतीवरचं कॅलेंडर होतं. आजीने पैसे दिले त्या तीन तारखांभोवती तिने पेन्सिलीने गोल केले होते आणि शेजारी आकडे लिहिले होते. बेरीज १,४५०. पैसे आले होते, आमच्या हिशेबातून गेले होते.

कुर्डुवाडीत स्टेशनच्या बाजूला आमचं किराणा दुकान आहे. अब्बांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते सुरू केलं, आता आम्ही दोघे भाऊ चालवतो. उधारी पूर्वी लाल वहीत असायची. देणंघेणं लिहून ठेवावं हे आपल्या घरांत कुणाला नव्याने सांगावं लागत नाही, त्यामुळे वही कधी चुकली नाही. पण ती भिजायची, फाटायची, आणि एकाच्या हातात असली की दुसऱ्याला मिळायची नाही. थोरल्याचा मुलगा सोलापूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकतो. त्याने सुट्टीत आमच्यासाठी उधारीचं वेब ॲप बनवलं. वेब ॲप म्हणजे वेगळं काही उतरवून घ्यायला नको. फोनच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की खाती उघडतात, दोघांच्याही फोनवर एकच हिशेब दिसतो.

पहिले पंधरा दिवस ते साधंच होतं. मग पोराला वाटलं, जरा देखणं करावं. नोंद झाली की वरून एक चौकट धपकन खाली यायची, दोनदा उडी मारायची आणि म्हणायची, ‘जमा झालं!’ खाली हिरवं बटण. घरात सगळ्यांना मजा वाटली. लहान मुलं तर उगाच नोंदी करून बघायची. दिवसातून शंभरदा ती चौकट यायची आणि शंभरदा आम्ही न वाचता हिरव्या बटणावर अंगठा ठेवायचो. आठवड्याभरात अंगठा आमच्या आधी तिथे पोहोचू लागला.

घोटाळा इथेच होता. पुसण्याची चौकटही त्याने तशीच केली होती. तीच उडी, तीच जागा, तेच हिरवं बटण, फक्त मजकूर वेगळा: ‘पुसून टाकू का?’ काय पुसायचं, कुणाचं पुसायचं, काही नाही. गोडेतेलाचा हात, गर्दीची वेळ; आमच्यापैकी एकाचा अंगठा (कोणाचा, हे आजही ठरलेलं नाही) जमेच्या यादीवरच्या कचऱ्याच्या टोपलीवर पडला. चौकट उडी मारत आली, अंगठ्याने सवयीने ‘हो’ म्हटलं, आणि खालाजानच्या जमेच्या तिन्ही ओळी गेल्या.

खालाजानची माफी आम्ही त्याच चार गिऱ्हाइकांसमोर मागायला हवी होती. ती गिऱ्हाइकं तोवर निघून गेली होती. संध्याकाळी घरी जाऊन माफी मागितली, त्यांनी चहाही पाजला, पण ज्यांनी आम्हाला पैसे मागताना ऐकलं त्यांनी माफी ऐकली नाही. हे अजून टोचतं.

रात्री पोराला फोन लावला. तो म्हणाला, ‘पण चाचू, मी विचारलं होतं ना, पुसू का म्हणून!’ बाजूला अब्बा ऐकत होते. अब्बांची सगळी नोकरी सिग्नलच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी फोन मागून घेतला.

कुर्डुवाडी हे रेल्वेने वाढवलेलं गाव. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये इथून बार्शीकडे निघाली, अडीच फुटी रुळांवरची. तेव्हा आपल्या स्टेशनचं नावच ‘बार्शी रोड’ होतं. मोठ्या लाइनची गाडी आणि छोट्या लाइनची गाडी इथे भेटायची. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत हवामानाइतकंच सिग्नलवर बोलणं व्हायचं. अब्बांनी नातवाला जुन्या हाताच्या सिग्नलची गोष्ट सांगितली. खांबावरची पट्टी आडवी असली की थांब, खाली झुकली की जा. पट्टी हलताना ड्रायव्हरला लांबून दिसते आणि ते हलणंच त्याला काहीतरी सांगतं. शोभेसाठी ती कधी हलत नाही. दुसरी गोष्ट, पट्टी ओढणारी तार तुटली तर वजनाने पट्टी आपोआप आडवी होते, म्हणजे बिघाड झाला तरी गाडी थांबते, सुटत नाही. आणि तिसरी, ‘अरे बेटा, तू तर प्रत्येक पोत्यासाठी गाडी थांबवतोस. मग खरा लाल सिग्नल आला तेव्हा ड्रायव्हर बघेल कशाला?’

पुढच्या रविवारी पोरगा घरी आला आणि दिवसभर बसून त्याने चौकटी नव्याने केल्या. आम्ही शेजारी बसून विचारत राहिलो. जे समजलं ते इथे लिहितो, कारण आपल्या घराघरांत आता अशी ॲप बनवणारी मुलंमुली आहेत आणि ती वापरणारे आईवडीलही.

आधी त्याने निम्म्याहून जास्त चौकटी काढूनच टाकल्या. नोंद झाली हे सांगायला काम अडवायची गरज नाही. आता पडद्याच्या तळाशी एक बारीक पट्टी सरकत येते, ‘२०० जमा’ म्हणते, शेजारी ‘मागे घ्या’ असतं, आणि काही सेकंदांनी पट्टी आपणच निघून जाते. चूक होण्याआधी दटावण्यापेक्षा चूक झाल्यावर मागे फिरू द्यावं, हे आझा रास्किन या रचनाकाराने २००७ मध्येच लिहून ठेवलं होतं. जीमेलमध्ये पाठवलेलं पत्र काही क्षणांत परत घेता येतं, ते याच विचाराचं. एक ओळ पुसायची असेल तर आमच्या ॲपमध्येही आता प्रश्नच येत नाही. ओळ पुसली जाते आणि ‘मागे घ्या’ समोर उभं राहतं.

अडवणारी चौकट एकाच ठिकाणी राहिली, सगळं खातं बंद करताना. तिच्यावर ‘हो’ आणि ‘नाही’ नाहीत. वर खातेदाराचं नाव आणि रक्कम, खाली दोन बटणं: ‘हे खातं पुसा’ आणि ‘राहू द्या’. ‘राहू द्या’ आधीपासून निवडलेलं असतं, म्हणजे गडबडीत दुसरं काही न निवडता पुढे गेलं तरी हिशेब जागेवर. अब्बांची तुटलेली तार ती हीच.

हालचाल त्याने ठेवली, पण तिला काम दिलं. ज्या खात्यावर बोट ठेवलं त्याच ओळीतून चौकट मोठी होत येते आणि मिटताना तिथेच परत जाते, म्हणून कुणाच्या खात्याचा प्रश्न आहे हे डोळ्यांना कळतं. वेळ पाव सेकंदाहून कमी. उड्या बंद. चौकट हलत असेपर्यंत तिच्यावरचं बटण दाबलं जात नाही, त्यामुळे अंगठ्याखाली अचानक बटण येण्याचा प्रकार संपला. फक्त आकार आणि फिकेगडदपणा बदलायचा, रुंदी-उंची हलवत बसायचं नाही, असंही तो म्हणाला. नाहीतर ब्राउझरला प्रत्येक क्षणी सगळं पान नव्याने मांडावं लागतं आणि आमच्यासारख्यांचे जुने फोन अडखळतात.

पहिल्या वेळी ही चौकट त्याने स्वतःच्या हिकमतीने रचली होती, कारण ब्राउझरची आयती चौकट ओबडधोबड दिसते. पण त्या हिकमतीत फोनचं मागे जाण्याचं बटण दाबलं की चौकट मिटायच्या ऐवजी अख्खं पानच जायचं. आता त्याने एचटीएमएलमधला ‘डायलॉग’ नावाचा तयार टॅग वापरला. क्रोममध्ये तो २०१४ पासून आहे, पण फायरफॉक्स आणि सफारीमध्ये मार्च २०२२ मध्ये आला, तेव्हा कुठे तो सगळीकडे चालू लागला. त्याने चौकट उघडली की मागचं पान आपोआप निपचित होतं आणि कीबोर्डवरचं एस्केप दाबलं की चौकट मिटते. मागे जाण्याच्या बटणाची व्यवस्था त्याने वेगळी लिहिली. मिटताना हळूच जाणं मात्र पूर्वी या टॅगला जमत नसे, चौकट एकदम गायब व्हायची. त्यासाठीची सोय मोठ्या ब्राउझरांत २०२३-२४ मध्ये आली.

हा बदल कुणासाठी, ते आम्हाला दुकानातच दिसलं. मोहल्ल्यातले एक हाफिजसाहेब दृष्टिहीन आहेत. त्यांचा फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो. स्वतःचं खातं ते स्वतः ऐकतात. जुनी चौकट आली की फोन चौकट सोडून तिच्यामागच्या ओळी वाचत राहायचा आणि ते ताटकळायचे. नवी चौकट आली की फोन तिच्यातलाच मजकूर वाचतो.

आणि अम्मी. अम्मींना चक्कर येण्याचा त्रास आहे. उड्या मारणाऱ्या चौकटीकडे बघून त्या मान फिरवायच्या, आम्हाला ते लाड वाटायचे. ते लाड नाहीत. २०१३ मध्ये ॲपलने आयफोनचा पडदा झेपावणारा-सरकणारा केला तेव्हा अनेकांनी मळमळ आणि चक्कर येत असल्याच्या तक्रारी केल्या होत्या. आता बहुतेक फोनमध्ये सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत हालचाल कमी करण्याची किंवा ॲनिमेशन काढण्याची सोय असते. ती चालू असली की नीट बनवलेलं ॲप ते ओळखतं आणि चौकट न हलता समोर येते. घरात कुणाला असा त्रास असेल तर आजच ती शोधून चालू करून द्या.

आमच्या पोराने अडवणूक हौसेने केली होती. बाहेर ती ठरवून केली जाते. जाहिरातीची वेगळी खिडकी उघडणारी पहिली प्रोग्रॅमची ओळ लिहिणाऱ्यांपैकी ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये जाहीर माफी मागितली. ट्रायपॉड नावाच्या कंपनीत असताना, एका मोटार कंपनीची जाहिरात न शोभणाऱ्या पानावर दिसली म्हणून त्यांनी जाहिरात पानापासून वेगळी काढली होती. हेतू एवढाच होता, पण पुढे त्या खिडक्यांनी जगाला किती वैताग दिला ते आपण जाणतो.

आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकार सांगितले आहेत. खोटी घाई लावणं, नको म्हटलं तरी पुन्हा पुन्हा विचारत राहणं, नकाराच्या बटणावर लाजवणारं वाक्य लिहिणं, न मागितलेली वस्तू बिलात घुसवणं, गोंधळात टाकणारा प्रश्न विचारणं. विमा किंवा देणगी आपोआप टिक केलेली दिसली, किंवा ‘नको’चं बटण फिकट करून कोपऱ्यात लपवलेलं दिसलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पैसेच गेले असतील तर वेळ न दवडता १९३०. आणि फोनमध्ये व्हायरस शिरला आहे, लगेच इथे दाबा, असं सांगत नाचणारी चौकट आली तर आतलं कोणतंच बटण दाबू नका, ‘बंद करा’सुद्धा नाही, कारण तेही त्यांनीच रंगवलेलं असतं. ब्राउझरचा तो टॅबच बंद करा.

खालाजान आमच्याकडे सामान न्यायला पुन्हा येऊ लागल्या, पण दोन महिने गेले. आल्या तेव्हा नात सोबत होती आणि तिच्या हातात छोटी वही. आम्ही फोनवर २०० जमा केले, पडदा त्यांच्याकडे वळवला, तळाची पट्टी सरकत आली. नातीने वाचून दाखवलं. खालाजाननी मान डोलावली आणि वही काउंटरवर ठेवली. ‘इथेही लिहा,’ म्हणाल्या, ‘आणि सही करा.’ आम्ही तारीख घातली, आकडा लिहिला, सही केली. तेव्हापासून दर वेळी करतो.