हॉर्नचा फोटो निघत नाही

पुण्यात नळ स्टॉपला संध्याकाळी सात वाजता उभे राहून पाहा. पहिला हॉर्न हिरवा दिवा लागल्यावर वाजत नाही, सिग्नलचे लाल आकडे चार-तीनवर आले की वाजतो. तोही पाचव्या-सहाव्या रांगेतला, जिथून पुढचे काही धड दिसतही नाही. मग सगळेच सुरू होतात. पुढच्याने जायचे कुठे, झेब्रा क्रॉसिंगवरच्या आजोबांच्या अंगावर?

याला सरसकट उर्मटपणा म्हणून मोकळे होता येते, पण ते खरे कारण नव्हे. आपल्याकडे हॉर्न आरशाचे, इंडिकेटरचे आणि ब्रेकचेही काम करतो. मारुती ८०० च्या साध्या मॉडेलला डाव्या बाजूचा आरसाच नसायचा. रस्ते अरुंद, पुढे लादलेला ट्रक. मागे कोण आहे हे बघणे पुढच्याचे काम नव्हतेच; मागच्याने येऊन सांगायचे, अशी रीत पडली. ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिले जायचे ते त्याचेच निमंत्रण. राज्याच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये त्या ओळीवर बंदी घातली. सवय मात्र राहिली, आणि आता आरसे असूनही राहिली. कितीतरी दुचाकींचे आरसे काढून डिकीत ठेवलेले असतात; उरलेले केस सारखे करण्याच्या कामी येतात.

वरंध किंवा ताम्हिणी घाटात आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावाच लागतो. तिथे समोरचा दिसत नाही आणि बाजूला दरी असते. घोटाळा असा की घाटातली ही शिस्त आपण सदाशिव पेठेत आणली. बोळाच्या तोंडाशी वेग कमी करायचा, वाकून बघायचे, मग वळायचे. त्याऐवजी एक लांब हॉर्न मारला की आपली जबाबदारी संपली. यापुढे लागले तर चूक समोरच्याची!

यातून वेळ तरी वाचतो का? टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथे होते: दहा किलोमीटरला ३३ मिनिटे. म्हणजे ताशी १८ किलोमीटर. इतक्या वेगात माणूस वाचवायला ब्रेक पुरतो. शहरातली नोंदणीकृत वाहने लोकसंख्येपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या २०१८ मध्येच आल्या होत्या. एवढ्या गर्दीत प्रत्येक जण इशारा देऊ लागला की इशाऱ्याला किंमत राहत नाही, आणि ऐकू जावे म्हणून पुढचा आणखी जोरात वाजवतो.

कायदा कच्चा आहे असेही नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवल्यास पहिल्या वेळी १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड ठेवला. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. तिथे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात, आणीबाणीखेरीज हॉर्न चालत नाही. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. ससून रुग्णालयाच्या फाटकाशी पाच मिनिटे थांबा आणि हे सारे आठवून बघा.

नितीन गडकरी यांनी हॉर्नमध्ये बासरी, तबला, हार्मोनियम यांचे सूर असावेत अशी कल्पना मांडली आहे. हेतू चांगला आहे. पण स्वारगेटला एकाच वेळी दोनशे बासऱ्या वाजल्या तर बासरीचे काय होईल, याची मला जास्त काळजी वाटते.

मग अडते कुठे? दंड आता कॅमेऱ्यावर चालतो. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, झेब्रावर उभा राहिला, की फोटो निघतो आणि चलन घरी येते. हॉर्नचा फोटो निघत नाही. गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाची मंडळी दरवर्षी आवाज मोजतात, म्हणून ढोल आणि स्पीकरवर निदान आकड्यांनिशी भांडता तरी येते. चौकातला रोजचा हॉर्न असा मोजला जात नाही. डिसेंबर २०१८ मध्ये पुण्यात ‘नो हॉर्न डे’ही झाला, पण तो एक दिवसच होता, दुसऱ्या दिवशी संपला.

मुंबई पोलिसांनी मात्र मोजून पाहिले. २०२० च्या जानेवारीअखेर त्यांनी ‘पनिशिंग सिग्नल’ची चित्रफीत प्रसिद्ध केली. सीएसएमटी, पेडर रोड, हिंदमाता अशा ठिकाणी खांबांवर डेसिबल मीटर बसवले होते. आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. गप्प बसलेल्यालाही शिक्षा होते, हा त्यातला उघड दोष. पण हॉर्न वाजवणाऱ्याला शेजारचा गाडीवालाच गप्प करू लागतो, आणि हे काम एकट्या पोलिसाला कधीच जमले नसते.

पुणे वाहतूक पोलिसांनी नळ स्टॉप आणि स्वारगेट या दोन चौकांत महिनाभर असे मीटर लावावेत, आणि रोजचे आकडे चौकातच फलकावर लिहावेत. पाटी वाचायची सवय या शहराला आहे.