मळ्यांतील लहानसें तळें

पाथरीच्या काळ्या जमिनींत विहिरीशेजारीं चार हातांचें तळें करावें, अशी आमची सूचना आहे; ती केवळ शोभेकरितां नव्हे. बेडूक पिकांवरील किडे खातो. परदेशीं त्याच्या तंगड्यांना मागणी असल्यानें त्याचा एवढा संहार झाला कीं, इ. स. १९८७ मध्यें सरकारास ती निर्यात बंद करावी लागली. त्यास अंडीं घालण्यास स्थिर पाणी हवें.

तळ्याचा एक कांठ उतरता ठेवावा, म्हणजे आंत पडलेलें पिल्लूंही बाहेर निघतें. काळी माती वाळतांच भेगाळते. सबब तळ कोरडा पडूं देऊं नये. मधोमध कुमुद व कांठच्या ओलींत वेखंड लावावें. पानांनीं निम्म्याहून अधिक पाणी झांकूं देऊं नये. पाण्यांतील काड्यांवर चतुर वाढतात व त्यांच्या अळ्या डासांच्या पुष्कळ अळ्या खातात.

जलपर्णीच्या जांभळ्या फुलास मात्र भुलूं नये. ही दक्षिण अमेरिकेची वनस्पति पाणी झांकून आंतील जीवांचा श्वास कोंडते. आमच्या तालुक्यांत जायकवाडीचा डावा कालवा आहे. उपटलेली जलपर्णी त्यांत टाकल्यास ती शेजाऱ्याच्या पाटांतही पोंचेल. ती उन्हांत वाळवून खताच्या खड्ड्यांत पुरावी. तळें आपलें असलें, तरी पाणी सर्वांचें आहे.