काळ सोकावतो आहे!

अनधिकृत इमारत रातोरात उभी राहते, असे म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ही प्रथा आता सोडून दिली पाहिजे. रातोरात उभी राहते ती फार तर पत्र्याची टपरी. विटांची भिंत, लोखंडी तुळया, सिमेंटचा स्लॅब आणि त्यावर झळकणारी विजेची अक्षरे यांना महिने लागतात. ते सारे महिने शेजारी ते काम पाहत असतो, रस्त्याने जाणारा पाहत असतो, आणि ते पाहून थांबवावे म्हणून ज्याला आपल्या करातून वेतन मिळते तोही पाहत असतो. मग अशा बांधकामाला परवाना देतो कोण? आमचे उत्तर स्पष्ट आहे : विलंब! कोणत्याही कागदावर सही न करता, कोणतेही शुल्क न आकारता, विलंबच त्याला परवाना देतो.

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस ही कहाणी नवी नाही. पार्ल्यापासून दहिसरपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत तिचा क्रम ठरलेला आहे. तळमजल्यावरची राहती जागा भाड्याने जाते. रस्त्याकडची खिडकी काढून तेथे शटर बसते. काही दिवसांनी मधली भिंत जाते. मग मोकळ्या आवारावर शेड येते, आणि भटारखान्याचे धुराडे नेमके दुसऱ्या मजल्यावरच्या दमेकरी वृद्धाच्या खिडकीशी उघडते. रहिवासी विभाग कार्यालयात अर्ज देतात. अर्जाची पोच मिळते, उत्तर मिळत नाही. तोवर उपाहारगृहाचे उद्घाटन होऊन जाते, आणि अर्ज करणारा गृहस्थ गल्लीतला 'कटकट्या' ठरतो. काल जिन्यात थांबून एकमेकांची खुशाली विचारणारे शेजारी आज मान वळवून जातात. सोसायटीत दोन तट पडतात. एका तटाला झोप हवी असते, दुसऱ्याला भाडे. भांडण शेजाऱ्यांचे दिसते. पण ते लावून दिलेले असते त्या न आलेल्या उत्तराने.

या विलंबाची परिणती कोठे होते, हे पाहण्यासाठी थोडे दूर, उत्तर प्रदेशातील मीरत शहरात गेले पाहिजे. तेथील शास्त्रीनगर या वसाहतीत केवळ राहण्यासाठी म्हणून दिलेल्या एका भूखंडावर दुकाने उभी राहिली. त्याविरुद्धची नोटीस १९९० सालची आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते बांधकाम पाडण्याचा निर्णय दिला तो २०१४ साली. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि प्रत्यक्षात घण पडला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये. नोटिशीपासून घणापर्यंत पस्तीस वर्षे! एवढ्या काळात दुकानदारांची एक पिढी म्हातारी झाली, दुसरी गल्ल्यावर बसली. पहिल्या वर्षी जे काम चार मजुरांनी अर्ध्या दिवसात केले असते, त्यासाठी अखेरीस पोलिसांचा बंदोबस्त लागला. आणि त्या दिवशी ढिगाऱ्याकडे पाहत उभ्या राहिलेल्या दुकानदारांचे अश्रू खोटे होते, असे म्हणण्याचा निर्दयपणा आम्ही करणार नाही. परंतु त्या अश्रूंना कारण झाला तो अखेरचा घण नव्हे; पस्तीस वर्षे न उचललेला पहिला घण होय.

मीरतमध्ये निदान दुकानेच गेली. आमच्या उपनगरांत माणसे गेली आहेत. घाटकोपरमधील साईसिद्धी ही चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि सतरा जीव तिच्याखाली गेले. तिच्या तळमजल्यावर शुश्रूषागृहाची जागा होती, तेथे फेरबदलाचे काम चालू होते, आणि त्या कामात इमारतीच्या खांबांना धक्का लावल्याचा रहिवाशांचा आरोप होता. त्याच घाटकोपरमध्ये १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात जाहिरातीचा एक प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळला. पुन्हा सतरा माणसे दगावली. महापालिकेच्या नियमानुसार फलकाची कमाल मर्यादा चाळीस फूट लांब व चाळीस फूट रुंद अशी होती. तो फलक होता सुमारे एकशेवीस फूट लांब आणि तितकाच रुंद. एवढी अजस्र वस्तू हमरस्त्यावर उभी असता ती कोणाच्या दृष्टीस पडली नाही, असे कोण म्हणेल? ती सर्वांस दिसत होती. तिच्याविषयी निर्णय घेण्याची वेळ तेवढी कोणावर आली नव्हती. ती वेळ वाऱ्याने आणली.

कायदा अपुरा आहे काय? मुळीच नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात चालू असलेले बेकायदा काम तत्काळ थांबविण्याचा अधिकार दिलेला आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात परवानगीवाचून केलेल्या बांधकामासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शस्त्रे भरपूर आहेत; ती म्यानातून बाहेर निघत नाहीत. उलट, थांबून राहणाऱ्याला बक्षीस मिळते, असा अनुभव आमच्या राज्यकर्त्यांनीच जनतेला दिला आहे. २०१५ च्या अखेरपर्यंतची अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचे धोरण २०१७ मध्ये आले. २००१ चा गुंठेवारी अधिनियम सुधारून नियमितीकरणाची मुदत २०२० च्या अखेरपर्यंत आणली गेली. ज्या गरिबाने पोटाला चिमटा घेऊन अर्धा गुंठा जागा घेतली त्याला आधार मिळावा, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु त्या गरिबाच्या आडोशाने शोरूमचा मालकही रांगेत येऊन उभा राहतो, आणि मनाशी म्हणतो : आज बांधू, उद्या मुदत वाढेलच! आम्ही एके काळी शाळेत शिकविले आहे. पहिल्या दिवशी उशिरा आलेल्या मुलाला जो मास्तर काही विचारत नाही, त्याच्या वर्गात महिन्याअखेर वेळेवर येणारा मुलगाच मूर्ख ठरतो. आज आमच्या उपनगरांत नियमाने वागणारा नागरिक असा मूर्ख ठरतो आहे.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो. या दुकानांवर हजारोंची पोटे आहेत, त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही विलंब टाळण्यातच आहे. कारवाई पहिल्या विटेला झाली तर बुडतो तो फक्त विटेचा पैसा. ती दहा वर्षांनी झाली तर कर्ज काढून गाळा घेणारा, तेथे नोकरी करणारा आणि दुकानासमोर भाजीची पाटी मांडणारी बाई, असे सारेच बुडतात. मूळ बांधणारा मात्र पैसे घेऊन केव्हाच दूर गेलेला असतो. म्हणून त्वरित कारवाई ही कठोरता नव्हे, दया आहे.

आम्हां नागरिकांनीही आपल्या पदरात पाहिले पाहिजे. आवाराची मोकळी जागा दरमहा भाड्यासाठी देताना सोसायटीच्या सभेत हात वर कोणी केले? शेजारच्या इमारतीतले बेकायदा दुकान डोळ्यांत सलते आणि आपल्या इमारतीतले उत्पन्नाची बाब वाटते, ही वृत्ती घेऊन कोणत्या तोंडाने आपण महापालिकेकडे जाणार? कुंपणाने शेत खाल्ले हे खरे. पण पेरलेल्यानेही आपल्या हाताने एक फट ठेवलेली असते.

सर्वोच्च न्यायालयाने मीरतच्या निकालात घालून दिलेले नियम देशभरासाठी आहेत, आणि ते साधे आहेत. बांधकाम चालू असेपर्यंत मंजूर नकाशा जागेवर लावून ठेवावा. अधिकाऱ्यांनी वेळोवेळी पाहणी करून तिची नोंद ठेवावी. पूर्णत्वाचा दाखला दाखविल्याशिवाय वीज, पाणी व मलवाहिनीची जोडणी देऊ नये. अनधिकृत इमारतीत व्यापाराचा परवाना देऊ नये. बँकांनी दाखला पाहूनच कर्ज द्यावे. आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्यामार्फत कारवाई व्हावी. यात आम्ही एकाच मागणीची भर घालतो. रहिवाशाच्या प्रत्येक तक्रारीला ठरलेल्या दिवसांच्या आत, अधिकाऱ्याच्या नावानिशी व सहीनिशी लेखी उत्तर मिळाले पाहिजे : बांधकाम अधिकृत असेल तर तसे, नसेल तर ते कोणत्या तारखेला थांबविले ते. उत्तरावर नाव आले की विलंबाला धनी मिळतो. आणि ज्या विलंबाला धनी आहे, तो फार काळ टिकत नाही.

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपले वाडवडील म्हणत. घाटकोपरने दोनदा सतरा-सतरा प्रेते मोजली आहेत. तेव्हा येथे दुःखही आहे, आणि काळही सोकावतो आहे. त्याला रोखण्यासाठी नवा कायदा नको, नवी समिती नको. विभाग कार्यालयातल्या त्या अर्जाचे उत्तर तेवढे हवे आहे. ते आजच्या आज लिहावे!