दोन दोऱ्यांचा चित्रकार

भिंतीवर दोन खिळे, त्या खिळ्यांवरून खाली सोडलेल्या दोन दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला टांगलेला एक ब्रश. एवढ्या सामग्रीतून चित्र रंगवणारा यंत्रमानव तयार होतो, असे कोणी सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का? यंत्रमानव म्हटला की दोन हात, दोन पाय आणि लुकलुकणारे डोळे आपल्यासमोर येतात. पण यंत्राला चित्र काढण्यासाठी डोळे लागत नाहीत, आणि हातही एकच पुरतो. तो हात दोऱ्यांचा असला तरी चालतो.

खरी अडचण वेगळीच आहे. हे यंत्र आपण घरच्या वस्तूंतून बनवणार. शिवणाच्या दोऱ्याचे रिकामे रीळ, भंगारातल्या प्रिंटरमधील मोटार, पत्र्याची पट्टी. या भागांत कारखान्यातील अचूकपणा कोठून येणार? रिळाचे भोक थोडे मोठे, मोटारीचा आस थोडा बारीक, मग दोघांत ढील राहणारच. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील लेथवाले या ढिलीला 'प्ले' म्हणतात. प्ले असलेल्या यंत्राने सरळ रेष मारता येईल का, हा आजचा प्रश्न.

घरच्या भागांतून चित्रयंत्र बनवण्याचा प्रयोग कोल्हापूरला मुळीच नवा नाही. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे चुलतबंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्यामुळे लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघा चित्रकारांना हलत्या चित्रांनी झपाटले. त्यांनी एक प्रोजेक्टर मिळवला आणि स्वतःचा कॅमेरा घडवण्याचे काम हाती घेतले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने काम पुढे नेले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली प्रदर्शित झाला. मागे यंत्रशास्त्राची पदवी नाही, पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय नाही, आणि यंत्र तर असे की ज्यात केसाएवढी चूकही लपत नाही!

केसाएवढी का, ते गणिताने पाहू. चित्रपटाची फिल्म ३५ मि.मी. रुंद असते. तिच्यावरील एका चौकटीला उंचीत सुमारे १९ मि.मी. जागा लागते. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण १६ चौकटी घेत. म्हणजे कॅमेऱ्यातील आकड्याने फिल्म १९ मि.मी. खाली ओढायची, थांबवायची, झडप उघडून प्रकाश घ्यायचा, झडप मिटायची आणि पुन्हा ओढायची, हे सारे सेकंदाला १६ वेळा, आणि तेही हाताने दांडा फिरवून. आता समजा, एखाद्या वेळी फिल्म ०.१ मि.मी. इकडेतिकडे थांबली. २४ मि.मी. रुंदीचे चित्र पडद्यावर ४.८ मीटर रुंद दिसते, तेव्हा ते २०० पट मोठे झालेले असते. मग ०.१ मि.मी.ची चूक पडद्यावर २ सें.मी. होते, आणि द्रौपदी दर सेकंदाला अनेकदा उड्या मारताना दिसते!

मग सिने-कॅमेरा ही चूक टाळतो कशी? गंमत येथेच आहे. फिल्म ज्या खाचेतून सरकते ती खाच फिल्मपेक्षा थोडी मोठी ठेवावीच लागते, नाहीतर फिल्म अडकेल. म्हणजे ढील ठेवणे भाग आहे. पण एका बाजूने स्प्रिंगची पट्टी फिल्मला हळूच रेटत असते. त्यामुळे फिल्म दर वेळी समोरच्या त्याच कडेला टेकते. ढील नाहीशी झालेली नाही. ती नेहमी एकाच बाजूला राहते, एवढेच. चूक जर दर वेळी तीच आणि तेवढीच असेल, तर सगळ्या चौकटी एकाच जागी पडतात आणि चित्र स्थिर दिसते.

ही युक्ती लक्षात ठेवून आपल्या चित्रकाराकडे वळू.

एका उभ्या फळीच्या वरच्या कडेला एकमेकांपासून १०० सें.मी. अंतरावर क आणि ख असे दोन बिंदू घ्या. प्रत्येक बिंदूपाशी एक मोटार आणि तिच्या आसावर एक रीळ. दोन्ही रिळांवरील दोऱ्या मध्ये एकाच पेनाला बांधलेल्या. दोऱ्या लांब-आखूड झाल्या की पेन फळीवर हवे तेथे जाते. कोठे जाते ते पायथागोरस सांगेल. समजा, पेन क पासून आडवे ३६ सें.मी. आणि खाली ४८ सें.मी. असे हवे आहे. ३६ चा वर्ग १२९६, ४८ चा वर्ग २३०४, बेरीज ३६००. म्हणून डावी दोरी ६० सें.मी. हवी. ख पासून आडवे अंतर उरले ६४ सें.मी. तसेच गणित केले तर उजवी दोरी ८० सें.मी. येते. करून पाहा.

आता ४८ सें.मी. खोलीवरच आडवी सरळ रेष मारायची आहे, आणि दुसरे टोक क पासून ६४ सें.मी.वर आहे. तेथे डावी दोरी ८० आणि उजवी ६०. तुम्ही म्हणाल, सोपे आहे! डावी २० सें.मी. सोडू, उजवी २० सें.मी. ओढू, दोन्ही एकाच वेगाने. पण अर्ध्या वाटेवर दोन्ही दोऱ्या ७० सें.मी. होतील. ७० चा वर्ग ४९००, त्यातून ५० चा वर्ग २५०० वजा केला की २४०० राहतात, आणि त्याचे वर्गमूळ जवळजवळ ४९ आहे. म्हणजे पेन मध्ये १ सें.मी. खाली उतरले! सरळ रेषेऐवजी कपडे वाळत घालायची दोरी तयार झाली. उपाय असा की रेषेचे २-२ सें.मी.चे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाशी दोऱ्यांची लांबी नव्याने काढायची. मग मधल्या तुकड्यातील झोळ सुमारे ०.०५ मि.मी. उरतो. तो पेनाच्या रेषेच्या जाडीतच बुडून जातो.

एवढी गणिते करत, कोणत्या क्षणी कोणती दोरी किती हलवायची हे मोटारींना कोणी सांगायचे? जुन्या काळी हे काम वेड्यावाकड्या कडांच्या चकत्या करत. स्वित्झर्लंडमधील घड्याळजी झाके-द्रो पितापुत्र आणि त्यांचे सहकारी यांनी १७७४ मध्ये चित्र काढणारा एक यांत्रिक मुलगा लोकांना दाखवला. एक चकती पेन्सिल आडवी हलवते, दुसरी उभी, तिसरी ती कागदावर टेकवते वा उचलते. चकत्या बदलल्या की चित्र बदलते. अशी चार चित्रे त्याला येतात आणि मध्येच तो कागदावरची धूळ फुंकतोही. नशातेल गावच्या संग्रहालयात तो आजही चित्र काढतो. आपल्याला चकत्या कापत बसण्याचे कारण नाही. आर्डुइनोसारखे पोस्टकार्डाहून लहान पाटे ही आकडेमोड सहज करते, आणि चित्र बदलायचे तर फक्त आज्ञावली बदलायची.

मोटार मात्र 'स्टेपर' जातीची हवी. जुन्या डॉट-मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये किंवा स्कॅनरमध्ये ती सापडते. तिला विजेचा एक ठोका दिला की ती ठरावीक कोनातून फिरते आणि थांबते. पुष्कळशा मोटारी एका फेऱ्यात २०० पावले टाकतात. रीळ २० मि.मी. व्यासाचे असेल तर परीघ ६२.८ मि.मी., म्हणून एका पावलाला दोरी सुमारे ०.३ मि.मी. सरकते. चित्रासाठी एवढे पुरे.

पण थांबा. हा ६२.८ आकडा कागदावरचा आहे. रिळाभोवती दहा पूर्ण फेरे गुंडाळून गेलेली दोरी मोजा. दोरी ०.४ मि.मी. जाड असेल तर ती ६२८ नव्हे, सुमारे ६४१ मि.मी. भरेल, कारण दोरीचा मध्य रिळाच्या पृष्ठभागापासून थोडा बाहेर असतो. फरक फक्त २ टक्क्यांचा. मात्र ६० सें.मी. दोरीत तो १२ मि.मी. होतो! म्हणून रिळाचा व्यास मोजण्यापेक्षा दहा फेऱ्यांची दोरी मोजणे मला अधिक पसंत आहे. मोजण्यातली चूकही दहाने भागली जाते. मात्र दोरीवर दोरी चढू देऊ नका. रीळ रुंद घ्या, म्हणजे फेरे शेजारीशेजारी बसतील. तुमचे रीळ थोडे लहान की मोठे, याची चिंता नको. ते दर फेऱ्याला तेवढेच आहे ना, हे महत्त्वाचे. खरा आकडा एकदा आज्ञावलीत घातला की काम झाले.

आता ढील. रीळ आसावर थोडे डुगडुगते, दातेरी चाके असतील तर त्यांच्या दातांत फट असते. पण आपले पेन टांगलेले आहे! त्याचे वजन दोन्ही दोऱ्यांना सतत खाली खेचते, म्हणून प्रत्येक रीळ आपल्या ढिलीच्या एकाच टोकाशी टेकून राहते. कॅमेऱ्यात जे काम स्प्रिंगची पट्टी करते, ते येथे गुरुत्वाकर्षण फुकटात करते. घरगुती यंत्रासाठी मी दोरीची रचना सुचवतो ती यासाठीच. आडव्या टेबलावर रूळ आणि गाडे लावून हेच यंत्र करता येते, पण तेथे ढील कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला जाते आणि ती आवरता आवरता पुरेवाट होते.

गुरुत्वाकर्षण फुकट असले तरी त्याच्याही अटी आहेत. पेन आणि त्याची पट्टी मिळून २०० ग्रॅम असतील, तर वरच्या उदाहरणातील पहिल्या बिंदूवर डाव्या दोरीत १६० आणि उजवीत १२० ग्रॅम-भार ताण येतो. बलांचा समांतरभुज चौकोन काढून तुम्हाला हे पडताळता येईल. तेच पेन दोन मोटारींच्या बरोबर मध्ये, पण फक्त ५ सें.मी. खाली आणले तर प्रत्येक दोरीत सुमारे १ किलो ताण येतो! दोरी ताणते आणि मोटार पावले चुकते. उलट पेन अगदी क च्या खाली आले तर सगळे वजन डावी दोरी पेलते, उजवी सैल पडते आणि ढील मोकाट सुटते. म्हणून वरचा पट्टा आणि दोन्ही बाजू सोडून फळीचा मधला भागच चित्राला वापरायचा.

येथपर्यंत पेन होते. पेन काढून ब्रश लावला की नवे प्रश्न उभे राहतात. पहिला रंगाचा. ब्रश किती सें.मी. चालल्यावर कोरडा पडतो हे आधी मोजा, आणि तेवढे अंतर झाले की यंत्राने फळीवर ठरावीक जागी बसवलेल्या, रंगात भिजवलेल्या स्पंजाकडे जाऊन ब्रश टेकवून यावा. रंग दाट हवा, नाहीतर उभ्या कागदावर ओघळ येतात. हॅरल्ड कोहेन हे मूळचे इंग्लंडचे नावाजलेले चित्रकार. त्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेत 'आरन' ही चित्रे काढणारी आज्ञावली विकसित केली. यंत्र रेषा काढी आणि रंग कोहेन स्वतः हाताने भरत, असे कित्येक वर्षे चालले. रंग मिसळून स्वतः रंगवणारे त्यांचे यंत्र बोस्टनच्या संगणक संग्रहालयात मांडले गेले ते १९९५ मध्ये. रेषेपासून रंगापर्यंतचे अंतर एवढे मोठे आहे.

दुसरा प्रश्न ब्रशच्या केसांचा, आणि तो अधिक अवघड. केस वाकतात. मूठ पुढे जाते आणि टोक मागे रेंगाळते. दिशा उलटली की टोक दुसऱ्या बाजूला रेंगाळते. म्हणजे ही पुन्हा ढीलच, पण तिला गुरुत्वाकर्षण एका बाजूला दाबून धरू शकत नाही. यंत्रासाठी उपाय एकच, सगळे फटकारे डावीकडून उजवीकडेच मारायचे, परत येताना ब्रश उचलायचा. गंमत अशी की चित्रकाराला हेच रेंगाळणे हवे असते. फटकारा मध्ये फुगतो, शेवटी निमुळता होतो, तो या वाकणाऱ्या केसांमुळे. ज्या बाबूरावांनी कॅमेऱ्यात केसाएवढी हालचाल सहन केली नसती, ते चित्रपटाची पोस्टरे मात्र ब्रशानेच रंगवत.

तुमच्या ब्रशची ढील किती, हे मोजणे सोपे आहे. यंत्राला १० सें.मी. त्रिज्येचे एक वर्तुळ आधी पेनाने काढायला लावा. रेषेची दोन टोके जुळली तर दोऱ्या, रिळे आणि गणित ठीक आहे. मग तेच वर्तुळ ब्रशने काढा. या वेळी शेवटचे टोक सुरुवातीपर्यंत पोचणार नाही. मध्ये थोडी फट राहील. ती मि.मी.त मोजा, वर्तुळ उलट्या दिशेने काढून पुन्हा मोजा, आणि आज्ञावलीत यंत्राला शेवटी तेवढे पुढे जायला सांगा. मोठा ब्रश घ्याल तेव्हा हा आकडा नव्याने काढावा लागेल.