वस्तीचा उमेदवार

मुंबईसह महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. त्यापूर्वी मुंबईच्या सभागृहात मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे लोकनियुक्त असा एकही सभासद नव्हता. सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. नळ कोरडा पडला, गटार तुंबले, तर गाऱ्हाणे कोणाच्या दारी न्यावयाचे, याचा अनुभव नागरिकांनी या काळात पुरेपूर घेतला. नगरसेवक नसला तर काय होते हे आपण पाहिले. आता तो कोणाचा असावा, हा प्रश्न उरतो. पक्षांच्या नादी न लागता वस्तीने आपलाच एक भला माणूस उभा करावा व निवडून आणावा, ही कल्पना सुशिक्षितांच्या बैठकींतून वारंवार ऐकू येते. कल्पना आम्हांस मान्य आहे. मात्र तिची किंमत चुकविण्याची तयारी ती मांडणारांपाशी कितपत आहे, याविषयी आम्हांस शंका आहे.

ही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. २००७ साली जुहूच्या रहिवाशांनी एकत्र येऊन ॲडॉल्फ डिसूझा यांना नागरिकांचे उमेदवार म्हणून उभे केले आणि पक्षांच्या उमेदवारांना मागे टाकून ते मुंबई महापालिकेत गेले. या यशाने अनेकांना हुरूप आला. २०१२ साली शहरातील कितीतरी प्रभागांत नागरिकांचे उमेदवार रिंगणात उतरले आणि त्यांतील बहुतेक पडले. असे का व्हावे? पैसा आणि दंडेली यांवर बोट ठेवून आपण मोकळे होतो. ती कारणे खोटी नाहीत. पण पुरी नाहीत.

पक्षाच्या उमेदवाराची निशाणी मतदाराला वर्षानुवर्षे पाठ असते. अपक्षाला ती मिळते अर्ज मागे घेण्याची मुदत टळल्यावर. आणि मग हाती उरलेल्या मोजक्या दिवसांत त्याने ती घरोघर पोहोचवावयाची! मुंबईबाहेर तर अडचण दुणावते. पुण्यात २०१७ साली १६२ जागांसाठी अवघे ४१ प्रभाग होते आणि बहुतेक प्रभागांतून चार-चार सभासद निवडावयाचे होते. चार पेठांएवढ्या प्रदेशात एकट्या माणसाने, तेही नोकरीधंदा सांभाळून, किती उंबरठे झिजवावे? निवडणुकीच्या तोंडावर जागी होणारी वस्ती असा उमेदवार निवडून आणू शकत नाही. त्याची ओळख पाच वर्षे आधीपासून व्हावयास हवी.

निवडून आल्यावरचा मार्गही सोपा नाही. मुंबईचा कारभार आजही मुळात १८८८ च्या कायद्यावर चालतो आणि अंमलबजावणीची सत्ता त्यात आयुक्ताकडे आहे. खर्चाला मंजुरी देणाऱ्या समित्यांतील जागा पक्षांच्या व गटांच्या संख्याबळावर वाटल्या जातात. एकटा सभासद तेथे काय करणार, असे कोणी विचारील. आम्ही त्यास पुण्याचा इतिहास आठवण्यास सांगू. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी शहर शृंगारण्यावर लोकांचा पैसा खर्च करण्याचा बेत निघाला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावावा, असे म्हणून जोतीरावांनी एकट्याने विरोधी मत दिले. ते सरकारनियुक्त सभासद होते, ही गोष्ट या विरोधाचे मोल वाढविते. ठराव संमत झालाच. पण आज शंभरावर वर्षांनी स्मरण होते ते त्या एका विरोधी मताचे. एकट्या सभासदाला ठराव अडविता येत नसेल. प्रश्न विचारता येतो, हिशेब मागता येतो आणि जे दाराआड ठरले ते चव्हाट्यावर आणता येते.

आता थोडे स्वतःकडे पाहू. मुंबई महापालिकेच्या २०१२ च्या निवडणुकीत शंभरांतील सुमारे पंचेचाळीस मतदारांनी मत दिले. २०१७ साली सुमारे पंचावन्नांनी. मतदानाच्या सुट्टीला जोडून गावी जाणारा आणि निकालानंतर ‘सारे चोर आहेत’ असा निवाडा देणारा गृहस्थ आमच्याच वर्गातील आहे. सहकारी गृहसंस्थेच्या वार्षिक सभेला गणसंख्या जमत नाही म्हणून सभा तहकूब करणारे आपण, प्रभागाचे स्वराज्य चालविण्याच्या गोष्टी बोलतो!

शिवाय ‘वस्ती’ म्हणजे कोण? इमारतीच्या फाटकाआत राहणारे तेवढेच काय? धुणीभांडी करणारी बाई, कोपऱ्यावरचा भाजीवाला, नाल्याकाठच्या झोपडपट्टीतील कुटुंब, हेही त्याच प्रभागाचे मतदार आहेत. फेरीवाले हटवा, झोपड्या उठवा, एवढाच ज्याचा जाहीरनामा, तो उमेदवार वस्तीचा नव्हे. तो वस्तीतील एका भागाचा वकील होय. त्या बाईच्या घरी पहाटे पाणी किती वेळ येते, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तिच्यापाशी मत मागू नये. पक्षाचा कार्यकर्ता तिच्या रेशनकार्डासाठी, मुलाच्या शाळाप्रवेशासाठी खेटे घालतो. म्हणून ती त्याला मत देते. यात तिचे काय चुकले?

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. उमेदवार दिवाणखान्यात ठरवू नका. चाळ, झोपडपट्टी आणि सोसायटी यांच्या उघड्या सभेत ठरवा. खर्च वर्गणीतून करा आणि त्याचा हिशेब फलकावर लावा. निवडून आलेल्याने दरमहा लोकांसमोर उभे राहावे, ही अट आधीच घाला. १९९२ साली संमत झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या. महाराष्ट्राने २००९ साली क्षेत्रसभांचा कायदाही केला. कागदावरच्या या सभा प्रत्यक्षात भरवून घ्या. जेथे लोक दरमहा एकत्र बसतात, तेथे उमेदवार शोधावा लागत नाही. तो त्यांच्यातूनच पुढे येतो.

पुढची निवडणूक पाच वर्षांनी येईल. तिची तयारी मात्र या महिन्यातील पाण्याच्या तक्रारीपासून करावयाची आहे. ती तक्रार लिहिण्यासाठी शेजारच्या झोपडपट्टीत जाऊन दोन सह्या आणण्याची ज्याची तयारी असेल, त्यानेच ‘आमचा माणूस’ हे शब्द उच्चारावेत.