दिव्यांगांचे दंतारोग्य

अन्न चावणे, स्पष्ट बोलणे, मोकळेपणाने हसणे आणि शांत झोप घेणे या चारही गोष्टींशी दातांचा निकटचा संबंध आहे. तथापि, दिव्यांग व्यक्तीच्या घरी चालणे, ऐकणे, शिकणे यांच्या चिंतेत दातांकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते.

दाढ दुखू लागली की आपण तक्रार करतो. परंतु बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलास आपली वेदना पुष्कळदा सांगता येत नाही. ते जेवण नाकारते, गालावर हात मारून घेते, रात्र रात्र रडते. घरी त्याला हट्ट म्हणतात, शाळेत वर्तनदोष. मूळ कारण किडलेली दाढ असू शकते. म्हणून वागणुकीत अचानक बदल दिसल्यास तोंडाची तपासणी अवश्य करून घ्यावी. वेदना थांबली की मूल पुन्हा जेवू लागते, वर्गात रमते. त्याची शुश्रूषा करणाऱ्या आईलाही विसावा मिळतो.

या व्यक्तींचे दात बिघडण्यास काही विशेष कारणे आहेत. हातांवर ताबा नसल्यास दात नीट घासता येत नाहीत. गिळण्यास त्रास असल्यास अन्न तोंडात रेंगाळते. साखरेच्या पाकातील औषधांनी कीड वाढते. अपस्मारावरील फेनिटॉइन या औषधाने काहींच्या हिरड्या सुजून वाढतात. तरीही वैद्यांच्या सल्ल्यावाचून ते बंद करू नये. डाउन सिंड्रोममध्ये हिरड्यांचे विकार लवकर जडतात व पुष्कळांना जन्मजात हृदयदोषही असतो. तो दंतवैद्यास अगोदर सांगावा.

घरच्या घरी बरेच काही करता येते. ब्रशच्या दांड्यावर कापड गुंडाळून तो जाड केल्यास पकड सुलभ होते. स्वतः घासणे अशक्य असल्यास पालकाने मागे उभे राहून, डोक्याला आधार देऊन, फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. थुंकता येत नसल्यास पेस्ट अगदी थोडी घ्यावी. दवाखान्यातील पहिली भेट केवळ ओळखीची असावी. उपकरण आधी दाखवावे, मग वापरावे. फारच अवघड प्रसंगी सुसज्ज रुग्णालयात पूर्ण भूल देऊन उपचार करता येतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ मध्ये रुग्णालयात अडथळाविरहित प्रवेश आणि तपासणी व उपचारात अग्रक्रम देण्याची तरतूद आहे. गोव्यात १९८० साली स्थापन झालेले दंत महाविद्यालय व रुग्णालय बांबोळी येथे आहे. शिक्षक, अंगणवाडी सेविका व पंचायत सदस्य यांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी. ज्याला वेदना सांगता येत नाही, त्याची वेदना ओळखणे हे भोवतालच्या माणसांचेच कर्तव्य होय.