काळी साडी, पांढरा हलवा आणि फ्लॅश

संक्रांत तोंडावर आली आहे. आता रथसप्तमीपर्यंत आपल्या पिंपरीत रोज संध्याकाळी कुणाकडे तरी हळदीकुंकू, कुणाकडे नव्या सुनेची पहिली संक्रांत, कुणाकडे बोरन्हाण. कंपनीतली पाळी सुटून, घरचं आवरून बायका जमेपर्यंत सात वाजतात. उजेड गेलेला असतो. म्हणून आज कॅमेऱ्यावर वेगळा बसवायच्या फ्लॅशबद्दल बोलू या.

आधी आमची चूक सांगतो. आम्ही दोघी मैत्रिणींनी पैसे जमवून कॅमेरा आणि फ्लॅशगन घेतली. दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे फोटो काढायला गेलो. सावळी, तरतरीत मुलगी. काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने. आम्ही फ्लॅश सरळ तिच्या तोंडावर मारत राहिलो. फोटोत चेहरा राखेसारखा, कपाळ चकाकलेलं, हलव्याचा काटा दिसेना, नुसते पांढरे ठिपके. मागच्या भिंतीवर काळी सावली. फोटो बघून ती हळूच म्हणाली, “ताई, ही मी नाहीच.” ते शब्द आम्हाला लागले. पहिली संक्रांत परत येत नाही.

चुकलं काय? फ्लॅशचं तोंड लहान असतं. लहान जागेतून आलेला उजेड कडक पडतो, भर दुपारच्या उन्हासारखा. तोच उजेड मोठ्या पृष्ठभागावरून आला की मऊ होतो, ढगाळ दिवसासारखा. म्हणून फ्लॅशचं डोकं वर वळवा आणि उजेड पांढऱ्या छतावर मारा. मग सगळं छतच दिवा होतं. चेहऱ्याचा सावळा रंग सावळाच राहतो, हलव्याचा दाणा न् दाणा दिसतो. बाळाच्या बोरन्हाणात तर हेच करा. तान्ह्याच्या डोळ्यांवर जवळून सरळ फ्लॅश मारू नका.

छतावरून उजेड आला की कधी डोळ्यांखाली सावली पडते. त्यासाठी फ्लॅशच्या मागे पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद रबराने बांधा. थोडा उजेड पुढे येतो आणि डोळ्यांत चमक येते. बसणारीला भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे बसवा, म्हणजे सावली मागे चिकटत नाही.

आता आपली घरं. भिंत हिरवी किंवा गुलाबी असेल तर तिच्यावरून उजेड मारू नका, तोच रंग चेहऱ्यावर येतो. पत्र्याची खोली असेल तर छताचा उपयोग नाही. एका बाजूला पांढरी चादर ताणून दोघींनी धरायची आणि फ्लॅश तिच्यावर मारायचा. मंगल कार्यालयाचं छत फार उंच असतं, उजेड वर जाऊन तिथेच विरतो. तिथेही चादर किंवा जवळची पांढरी भिंत शोधा. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, पाव होतो. म्हणूनच सरळ फ्लॅशमध्ये पुढच्या रांगेतल्या काकू पांढऱ्याफटक आणि मागच्या रांगेतल्या आजी अंधारात.

संक्रांतीची आणखी एक गंमत. फ्लॅश आपोआप चालणारा असेल तर तो काळी साडी बघून फसतो. त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो जास्त मारतो. फ्लॅशवर अधिक-उणेचं बटण असतं, ते उणे एकवर न्या. हाताने लावायचा फ्लॅश असेल तर नेहमीच्या उंचीच्या छताखाली इथून सुरुवात करा: शटर एक-साठांश सेकंद, छिद्र ४, आयएसओ ८००, फ्लॅशची ताकद पाव. जास्त वाटलं तर ताकद निम्मी करा. समईचा उजेड हवा असेल तर शटर एक-तिसांशपर्यंत सावकाश करा आणि हात स्थिर ठेवा. उलट शटर फार वेगात, बहुतेक कॅमेऱ्यांत एक-दोनशांशच्या पुढे, नेलं तर फोटोत काळा पट्टा येतो.

होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९१३ साली नवसारीला जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. २०११ साली पद्मविभूषण. त्यांच्या उमेदीच्या काळात फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा, एका फोटोला एक. चूक झाली की बल्बही गेला आणि क्षणही. आपल्याला फोटो लगेच बघता येतो. मग पाहुण्या यायच्या आधी घरातल्या कुणाला तरी पाटावर बसवून चार फोटो काढून बघायला काय हरकत आहे? सेलचा भरलेला दुसरा संचही पिशवीत असू द्या.

फ्लॅशगन नसेल तरी अडत नाही. मोबाईलचा फ्लॅश बंद करा. एका मैत्रिणीला दुसऱ्या मोबाईलची बॅटरी पांढऱ्या कागदावर मारायला सांगा आणि तो कागद चेहऱ्याच्या बाजूला धरा.

त्या सुनेच्या बाळाचं यंदा बोरन्हाण आहे. तिने आम्हालाच बोलावलंय. आम्ही अर्धा तास आधी जाऊन छत बघणार आहोत. तुम्हीही बघा. तिळगूळ घ्या, गोड बोला.